गोचीड ताप पुन्हा पुन्हा उलटतोय? तिसऱ्यांदा डॉक्सी सुरू करण्याआधी हे तपासा

ताप, अंगावर गोचीड, डॉक्सीसायक्लिन चालू, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं पुन्हा भाकरीसाठी मागे मागे फिरायला लागतं. महिना-दोन महिने बरे जातात. मग पुन्हा तोच ताप, पुन्हा प्लेटलेट्स घसरलेल्या, पुन्हा डॉक्सी. हे चक्र ज्या घरात दोनदा फिरलंय तिथे तिसऱ्या वेळी गोळी हातात घेण्याआधी थांबावं. ‘टिक फीवर’ म्हणून आपल्याकडे जे काही येतं त्यामागे किमान चार-पाच वेगळे जंतू असतात. डॉक्सी त्यातल्या दोघांवरच नीट चालते. कोणता जंतू आहे हे रक्त पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असले तरी.

आधी तारखा काढा

फाइल उघडून तीन तारखा कागदावर लिहा: औषध कधी सुरू झालं, कधी बंद झालं, ताप परत कधी आला. यातून अर्धं निदान होतं.

डॉक्सी सुरू करून ७२ तास झाले तरी ताप उतरत नाही, कुत्रं खात नाही, तर एक तर जंतू दुसरा आहे किंवा दोन जंतू एकत्र आहेत. एर्लिकिया हा जिवाणू असेल तर २४ ते ७२ तासांत फरक दिसायला हवा. अपवाद फक्त खूप जुन्या, मुरलेल्या आजाराचा.

औषध चालू असताना बरं, आणि बंद केल्यावर काही दिवस ते काही आठवड्यांत पुन्हा ताप, तर कोर्स अपुरा पडला किंवा बबेसिया गिब्सोनी हा रक्तातला परजीवी आत दडून बसला आहे. दोन-तीन महिने पूर्ण ठणठणीत, रिपोर्टही चांगले, आणि मग पुन्हा आजार, तर बहुतेक वेळा तो नव्याने झालेला संसर्ग असतो. एकदा होऊन गेला म्हणून अंगात कायमची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. गोचीड घरातच असेल तर औषध कितीही अचूक असो, उपयोग तात्पुरताच.

रक्तात नेमकं कोण असतं

एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू. तो मोनोसाइट या पांढऱ्या पेशीत राहतो. गोचीड चावल्यावर साधारण ८ ते २० दिवसांनी ताप, सुस्ती, सुजलेल्या गाठी, डोळ्यांतून चिकट पाणी, प्लेटलेट्स कमी. हा टप्पा दोन ते चार आठवड्यांत उपचाराविनाही ओसरू शकतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पपईच्या पानांचा रस दिला, प्लेटलेट्स वाढल्या, कुत्रं उठून बसलं, म्हणजे आजार गेला असं वाटतं. जंतू मात्र प्लीहेत तसाच टिकून राहतो, काही महिने किंवा काही वर्षंही. मग एखाद्या दिवशी नाकातून रक्त येतं, पोटावर लाल-जांभळे ठिपके दिसतात, डोळा धुरकट होतो. त्या वेळी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही एकदम खाली असतील तर अस्थिमज्जा थकली आहे असं समजा. अशी केस वाचवणं फार कठीण असतं. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त जोरात जातो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘आठवडाभर बघू’ म्हणू नये.

ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेटमध्येच राहतो. त्यामुळे प्लेटलेट्स एक-दोन आठवड्यांच्या फेऱ्याने पडतात, वाढतात, पुन्हा पडतात. म्हणून एकच चांगला रिपोर्ट पाहून निश्चिंत होऊ नका. यालाही डॉक्सी लागू पडते.

बबेसिया हा जिवाणू नाही, तांबड्या पेशीत शिरणारा परजीवी आहे. हिरड्या पांढुरक्या, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा त्याहून गडद, डोळ्यांत पिवळेपणा, प्लीहा मोठी. मोठ्या जातीचा म्हणजे व्होगेली, सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या जोडीने दिसतो. लहान जातीचा गिब्सोनी, जेमतेम १ ते ३ मायक्रॉनचा, बहुधा अंगठीसारखा. पॅटन यांनी १९१० साली मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या आणि कोल्ह्यांच्या रक्तात पाहून त्याचं वर्णन केलं, म्हणजे हा मुळात आपल्याच भागात सापडलेला जंतू. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या केसमध्ये सगळ्यात आधी संशय याच्यावर घ्यावा. गोचिडाशिवाय तो कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यातून, चढवलेल्या रक्तातून आणि आईकडून पिल्लांतही जातो.

हेपाटोझून कॅनिसचा मार्ग वेगळा आहे. गोचीड चावल्याने नाही, तर कुत्र्याने गोचीड गिळल्याने तो होतो. अंग खाजवता खाजवता दातांनी गोचीड ओढून खाणाऱ्या कुत्र्यांत हा हमखास शोधावा. वजन उतरणं, अधूनमधून ताप, मागचे पाय धरल्यासारखी चाल. पांढऱ्या पेशीत लांबट कॅप्सूलसारखा दिसतो.

नमुना नीट घेतला तरच रिपोर्टला अर्थ

पहिला नियम: रक्त औषधाच्या आधी. डॉक्सीचे दोन डोस पोटात गेल्यावर काढलेल्या स्मिअरमध्ये (स्लाइडवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ लेपात) काही सापडलं नाही, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

शिरेतलं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) द्याच, पण बबेसियासाठी कानाच्या कडेचं रक्त जास्त उपयोगी पडतं. बारीक केशवाहिन्यांत बाधित पेशी जास्त अडकतात. कानाची कड स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, सुईने टोचावं आणि पहिला थेंब स्लाइडवर घ्यावा. दुसरी स्लाइड साधारण ३० ते ४५ अंशांत धरून एका दमात पुढे सरकवायची. लेप पातळ हवा, शेवटी पिसासारखी विरळ कड यायला हवी. ती विरळ कड आणि लेपाच्या दोन्ही बाजू, तपासताना इथे जास्त वेळ घालवावा लागतो. मधला जाड भाग पाहून ‘निगेटिव्ह’ लिहिलेले रिपोर्ट खूप असतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, एक घोटाळा ठरलेला. हवेत ओल असते, लेप सावकाश वाळतो, आणि तांबड्या पेशींवर चमकदार पोकळ ठिपके उठतात. नवख्या डोळ्याला ते बबेसिया वाटतात. सूक्ष्मदर्शकाचा फोकस किंचित वरखाली केला की ठिपका लखलखतो. परजीवी तसा लखलखत नाही, त्याचा निळसर पेशीद्रव आणि जांभळट केंद्रक वेगळे दिसतात. उपाय साधा: लेप घेतल्याबरोबर स्लाइड हातात धरून जोरात हलवायची किंवा पंख्यासमोर धरायची. तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट आणि न गाळलेल्या रंगाचे कण हीदेखील नेहमीची फसवणूक आहे. लीशमन किंवा जिम्सा, रंग कोणताही चालेल, पण तो गाळून घेतलेला हवा.

प्लेटलेट्सचा आकडाही मशीनवर सोडू नका. रक्त काढताना सुई दोनदा टोचावी लागली तर प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात, मशीन ते मोजत नाही आणि ४०,००० असा घाबरवणारा आकडा छापून येतो. लॅबला स्मिअरवर मोजायला सांगा. ऑइल इमर्शनच्या, म्हणजे तेलाचा थेंब टाकून वापरायच्या मोठ्या भिंगाच्या, एका क्षेत्रात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे अंदाजे १५,०००. दहा क्षेत्रं मोजून सरासरी काढायची. सरासरी १२ आली तर आकडा १,८०,०००च्या आसपास, म्हणजे काळजीचं कारण नाही. लेपाच्या कडेला गठ्ठे दिसले तर मशीनचा आकडा बाद.

एर्लिकियाचे पुंजके स्मिअरमध्ये फार क्वचित सापडतात, त्यामुळे स्मिअर निगेटिव्ह म्हणून एर्लिकिया नाही असं होत नाही. दवाखान्यातली झटपट किट चाचणी बहुतेक वेळा अँटिबॉडी दाखवते. आजार नवा असेल तर अँटिबॉडी अजून तयार झालेली नसते, आणि उपचार पूर्ण झाल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. ‘किट अजून पॉझिटिव्ह येतंय, म्हणून आणखी एक महिना डॉक्सी’ हा निर्णय चुकीच्या चाचणीवर घेतलेला असतो. जंतू शिल्लक आहे का ते पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, सांगते. उलटलेल्या प्रत्येक केसमध्ये एकदा तरी एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा, बबेसिया आणि हेपाटोझून असा एकत्र पीसीआर करून घ्यावा, आणि बबेसियाची जात वेगळी सांगायला लावावी. व्होगेली आणि गिब्सोनी यांची औषधं वेगळी आहेत, नुसतं ‘बबेसिया पॉझिटिव्ह’ लिहून चालत नाही. ही सोय जवळ नसेल तर परळ, शिरवळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

औषध: किती, किती दिवस, आणि कुठे गळतं

पुढचे आकडे २४ किलोच्या लॅब्राडॉरसाठी मांडतो. आपल्या कुत्र्याचं वजन काट्यावर करा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी पडताळून बघा. इंजेक्शनं डॉक्टरांनीच द्यायची.

एर्लिकिया आणि ॲनाप्लाझ्मासाठी डॉक्सीसायक्लिन किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळांत विभागून. एर्लिकियासाठी हे २८ दिवस. २४ किलोला २४० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या गोळीने सकाळी एक, रात्री दीड. महिन्याच्या ७० गोळ्या, दहाच्या सात पट्ट्या. घरी तीन पट्ट्यांची रिकामी पाकिटं सापडली आणि कोर्स ‘पूर्ण’ झाला असं म्हणत असाल तर उलटण्याचं कारण तिथेच मिळालं. वाढत्या पिल्लाचं वजन मधेच पुन्हा करावं, नाहीतर चौथ्या आठवड्यात डोस कमी पडतो.

आता गळती. आपल्याकडे आजारी कुत्र्याला दूधभात नाहीतर दहीभात देतात आणि गोळी त्यातच दडवतात. दुधातलं कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं, औषध रक्तात कमी पोचतं. रक्त वाढावं म्हणून दिलेलं लोहाचं टॉनिक याहून जास्त नडतं. पोटासाठी दिलेलं सुक्राल्फेट आणि अँटासिडही तसंच. गोळी साध्या वरणभातात, चिकनभातात किंवा अंड्यात द्या आणि दूध, दही, टॉनिक, सुक्राल्फेट हे सगळं किमान दोन तासांनी. गोळी कोरडी घशात टाकू नये. ती अन्ननलिकेत अडकली तर जखम होते, कुत्रं खाणं सोडतं आणि ‘औषध सोसत नाही’ म्हणून कोर्स तुटतो. मागून पाणी किंवा दोन घास अन्न गेलंच पाहिजे. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटीत गोळी बाहेर पडली तर डॉक्टरांना विचारून तो डोस पुन्हा द्यावा.

व्होगेलीवर इमिडोकार्ब किलोमागे ६.६ मिलिग्रॅम, १४ दिवसांनी पुन्हा एकदा. आपल्या लॅब्राडॉरला सुमारे १५८ मिलिग्रॅम, १२० मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीचं औषध असेल तर साधारण १.३ मिली. हे इंजेक्शन दुखतं, आणि त्यानंतर लाळ गळणं, उलटी, जुलाब, बेचैनी होऊ शकते. म्हणून आधी अर्धा तास ॲट्रोपिन दिलं जातं. दुसरा डोस कुत्रं बरं दिसतंय म्हणून टाळू नये. इमिडोकार्ब एर्लिकिया काढत नाही, त्यामुळे दोन्ही असतील तर दोन्ही औषधं पूर्ण घ्यावी लागतात. हेपाटोझूनला इमिडोकार्ब किलोमागे ५ ते ६ मिलिग्रॅम दर १४ दिवसांनी, रक्तातून जंतू दिसेनासा होईपर्यंत. कधी त्याला महिने लागतात. एका इंजेक्शनवर थांबलेला हेपाटोझून परत येणारच.

डिमिनाझिन हे दुसरं जुनं इंजेक्शन. त्याचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर फार थोडं आहे. किलोमागे ३.५ मिलिग्रॅम, एकदाच. जास्त झालं तर एक-दोन दिवसांनी तोल जाणं, डोळे भिरभिरणं, झटके येणं, आणि ते पुष्कळदा बरं होत नाही. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेली बाटली काढून अंदाजाने कुत्र्याला टोचण्याने कुत्री मेली आहेत. कृपा करून हे करू नका, कुणाला करूही देऊ नका.

गिब्सोनी मात्र या दोन्ही इंजेक्शनांनी नुसता दबतो. ताप जातो, हिरड्या गुलाबी होतात, आणि जंतू रक्तात राहतो. त्यासाठी अटोव्हाक्वोन किलोमागे १३.३ मिलिग्रॅम दर आठ तासांनी आणि ॲझिथ्रोमायसिन किलोमागे १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, दोन्ही १० दिवस. २४ किलोला अटोव्हाक्वोन दर वेळी सुमारे ३२० मिलिग्रॅम. औषध स्निग्ध अन्नाबरोबरच शोषलं जातं. रिकाम्या पोटी दिलं तर पैसे पाण्यात, म्हणून तूप घातलेला भात किंवा अंड्याचा बलक प्रत्येक डोसबरोबर, पहाटेच्या डोसलाही. आपल्याकडे ते बहुधा प्रोग्वानिलसोबतच्या मलेरियाच्या गोळीत मिळतं. त्या जोडीने कुत्र्यांना उलट्या होतात, त्यामुळे उलटीचं औषध आधीच विचारून ठेवा. दहा दिवसांत डोस चुकवले किंवा कमी दिले तर जंतूत औषधाला न जुमानणारा बदल टिकून राहतो आणि पुढच्या वेळी हीच जोडी लागू पडत नाही. तसं झालं तर क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सी अशी तिहेरी योजना काही आठवडे ते काही महिने चालवावी लागते. ती सावकाश काम करते, जंतू पूर्ण जाईलच असं नाही, पण कुत्रं सावरतं. बरा झाला का, हे उपचार संपल्यावर ६० आणि ९० दिवसांनी पीसीआर करून ठरवायचं. दोन्ही निगेटिव्ह हवेत.

तापासाठी घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही देऊ नका. प्लेटलेट्स आधीच कमी, त्यात पोटात रक्तस्राव झाला तर हाताबाहेर जातं. प्रेडनिसोलोन प्लेटलेट्स धोकादायक खाली असताना थोडे दिवस, डॉक्टर देतात तेव्हा योग्यच. पण प्रत्येक तापाला स्टिरॉइड टोचून घेतलं तर कुत्रं एका रात्रीत तरतरीत दिसतं आणि दबलेला बबेसिया डोकं वर काढतो.

हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, श्वास जोरात, उभं राहवत नाही, नाकातून थांबत नाही असं रक्त, किंवा पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) १५ टक्क्यांच्या खाली: यांतलं एक जरी असेल तर सकाळची वाट पाहू नका, रक्त चढवण्याची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. रक्तदाता कुत्रा गिब्सोनीसाठी तपासलेला आहे का, हे विचारायला संकोचू नका.

गोचीड तापच आहे का?

पावसाळ्यात ताप, कावीळ, गडद लघवी म्हटल्यावर लेप्टोस्पायरोसिसही डोक्यात हवा. उंदरांचा वावर, साचलेलं पाणी, लसीकरण राहिलेलं. डॉक्सीने तोही सुधारतो, त्यामुळे ‘टिक फीवर बरा झाला’ असं वाटतं, पण मूत्रपिंड तपासायचं राहून जातं. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घालाच. बबेसियानंतर शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडायला लागलं असेल तर जंतू जाऊनही हिमोग्लोबिन घसरत राहतं. स्लाइडवर रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळून गुठळ्या राहतात का, ही पाच मिनिटांची तपासणी तिथे दिशा देते. जुन्या एर्लिकियात लघवीतली प्रथिनंही एकदा मोजून घ्या.

घरातला गोचीड

आपल्याकडचा तपकिरी गोचीड बागेतल्या गवतापेक्षा भिंतीत जास्त राहतो. मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरते, भिंतीने वर चढते आणि चौकटीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात, फोटोच्या मागे अंडी घालते, एका वेळी हजारोंनी. उपाशी प्रौढ गोचीड वर्षभराहून जास्त तग धरतो. म्हणून गवतावर फवारणी करून गच्चीची खोली तशीच ठेवली तर हाती काही लागत नाही.

फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. कुत्र्याचं गोणपाट जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यात धुवा. फवारणी भिंतीच्या तळाशी, चौकटींवर, जिन्याखाली आणि छताच्या कोपऱ्यांत करा. फवाऱ्याने अंडी मरत नाहीत, त्यामुळे दर १५ दिवसांनी किमान तीन-चार वेळा. घरात मांजर असेल तर सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन वापरू नका, मांजराच्या जिवावर बेततं.

कुत्र्यावर फ्लुरालानरची गोळी १२ आठवडे किंवा ॲफॉक्सोलानरची महिनाभर पुरते. झटक्यांचा त्रास असलेल्या कुत्र्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा. गोळीने गोचीड मरतो तो चावल्यानंतर, काही तासांनी. एर्लिकिया मात्र गोचीड चिकटल्यापासून तीन तासांतही अंगात जाऊ शकतो. त्यामुळे जिथे गोचिडांचा भार जास्त आहे तिथे गोळीच्या जोडीला गोचीड चिकटूच न देणारा डेल्टामेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिनचा पट्टा घालावा, मांजर नसेल तर. अमिट्राझ १२.५ टक्के वापरायचं असेल तर लिटरभर पाण्यात २ मिली, अंगावरच वाळू द्यायचं, चाटू द्यायचं नाही, लहान पिल्लाला आणि मधुमेही कुत्र्याला अजिबात नाही.

रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कानाचा आतला भाग, गळपट्ट्याखाली आणि शेपटीचं बूड बघा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायचं आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. रॉकेल लावणं, काडीने भाजणं किंवा नखाने चिरडणं नको; हाच गोचीड माणसाला टिक टायफस देऊ शकतो.

घरात दोन-तीन कुत्री असतील तर सगळ्यांना गोळी एकाच तारखेला, आजारी असो वा नसो. पार्किंगमध्ये झोपणारं गल्लीतलं कुत्रंही शक्य असेल तर त्याच यादीत घ्या. गिब्सोनी होऊन गेलेल्या कुत्र्याकडून रक्तदान करून घेऊ नका आणि त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका, पीसीआर निगेटिव्ह आला असला तरी.